गिलाव्याच्या आधी

परभणीत वसमत रस्त्याला किंवा जिंतूर रस्त्याला संध्याकाळी चक्कर मारली, की बांधकामाची एक अवस्था हमखास नजरेस पडते. स्लॅबखालच्या बल्ल्या निघालेल्या असतात, भिंती उभ्या असतात, विटा अजून उघड्या असतात. वायरमन झिऱ्या मारून भिंतींत पाइप बसवत असतो. घरमालक रोज येऊन बटणांच्या जागा दाखवतो. देवघरातला दिवा, मिक्सरचा प्लग, अंगणातला बल्ब, बोअरच्या मोटारीचा स्टार्टर, सगळ्यांवर घरात चर्चा झालेली असते. टीव्हीची पाळी आली की मात्र एक वाक्य पुरते : "या भिंतीवर एक बोर्ड ठेवा."

तीन-चार महिन्यांनी वास्तुशांत होते. आठवडाभरात डिश बसवणारा मुलगा येतो. त्याला गच्चीवरून हॉलपर्यंत वायर न्यायची असते आणि वाट कुणीच ठेवलेली नसते. मग काळी वायर नव्या रंगावरून लोंबत खाली येते, खिडकीच्या चौकटीशेजारी भोक पडते, वायर पडद्यामागून फिरवली जाते. पहिल्याच पावसात तिच्या अंगावरून पाणी आत उतरते आणि पिवळा ओघळ भिंतीवर कायमचा राहतो. आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या घराला हा डाग लागलेला पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण तो टाळायला काही मीटर पाइप आणि अर्धा तास विचार एवढेच लागले असते. गिलावा होण्याआधीच्या त्या आठ-दहा दिवसांत काय करायचे, त्याविषयी हे प्रकरण आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. आज जी वायर घालू, ती पुढच्या पिढीत उपयोगाची राहणार नाही. मागे वळून पाहिले तर हे सहज पटते. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले. मुंबईच्या लहरी मराठवाड्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. १९८४च्या सुमारास दूरदर्शनने देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभारले आणि गच्च्यांवर, माळवदांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना आले. जपानच्या हिदेत्सुगू यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६मध्ये जगापुढे मांडलेली ही रचना. तिच्या काडीची लांबी मनाला येईल तशी नसते. १७५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर पावणेदोन मीटरच्या जवळ भरते, म्हणून मुख्य काडी तिच्या निम्मी, पाऊण मीटरहून थोडी जास्त ठेवतात. त्या अँटेनातून खाली येणारी वायर चपटी, दोन तारांची असे. जोराचा वारा सुटला की अँटेना फिरे, पडद्यावर मुंग्या येत, आणि कुणीतरी जिना चढून वर जाई.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या शेजारची आहे. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांमधल्या सुमारे २,४०० गावांत थेट टीव्ही दाखवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण मराठवाड्याला लागून असलेला गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा होता. त्या गावांतली छत्री तीन मीटर व्यासाची होती आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची बनवलेली होती. पुढे १९९२ साली झी टीव्ही आला, गल्लीगल्लीत केबलवाले आले, आणि घरात शिरणारी वायर चपटीची गोल झाली. मग डिश टीव्ही २००३ साली, दूरदर्शनची मोफत डिश डिसेंबर २००४मध्ये, टाटा स्काय (आजचे टाटा प्ले) २००६मध्ये, एअरटेल २००८मध्ये. आता त्याच भिंतीशी काचेच्या धाग्याची फायबर येऊन उभी आहे. चाळीस वर्षांत वायरीच्या चार जाती झाल्या. घर मात्र तेच राहिले.

म्हणून भिंतीत वायर गाडू नये, पाइप गाडावा. वायर त्यातून ओढता यावी आणि उद्या काढून दुसरी घालता यावी.

जुना अँटेना आता कुठे लावायचा, असे कधी कधी विचारले जाते. परभणीत तो लावण्याचे कारण उरलेले नाही. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि २०२२पर्यंत जवळजवळ सगळी थांबली. नवे डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली देशातल्या सोळा शहरांत सुरू झाले, त्यात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर होते. पण ते इथून सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि या लहरी क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. तेव्हा आपल्यासमोरचा खरा प्रश्न आकाशातल्या उपग्रहाचा आहे.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोवती ज्या गतीने फिरते त्याच गतीने तेही फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी खिळल्यासारखे वाटतात. परभणी १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे आपल्याला ते सगळे दक्षिणेच्या बाजूला दिसणार. परभणीचे रेखांश पावणेसत्याहत्तर. दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तो ९३.५ अंशांवर, म्हणजे आपल्या पूर्वेला आहे. म्हणून छत्री आग्नेयेकडे वळते. गणित मांडले तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३८ अंश आणि क्षितिजापासून वर सुमारे ६० अंश, असे त्याचे ठिकाण निघते. डिश टीव्हीचा उपग्रह त्याच्या शेजारीच, ९५ अंशांवर. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर असल्याने ते जवळजवळ दक्षिणेला आणि अधिक उंच, ६६ अंशांवर दिसतात. एअरटेलचा १०८ अंशांवरचा उपग्रह पूर्वेकडे झुकलेला आणि ४८ अंशांवर. थोडक्यात, गच्चीवरच्या ज्या कोपऱ्यातून दक्षिणेपासून पूर्व-आग्नेयेपर्यंतचे आकाश मोकळे दिसते, तो कोपरा कुठल्याही कंपनीला चालतो. उद्या कंपनी बदलली तरी छत्रीची जागा बदलावी लागत नाही.

उपग्रह इतके उंच दिसण्याचा एक मोठा फायदा आहे. लंडनमधल्या घराला तिथला नेहमीचा उपग्रह जेमतेम २५ अंशांवर दिसतो. छत्रीपेक्षा दहा फूट उंच भिंत समोर असेल तर तिथे ती एकवीस फूट तरी दूर हवी. परभणीत फ्री डिशसाठी तीच भिंत सहा फुटांवर असली तरी लहर तिच्या डोक्यावरून येते, एअरटेलसाठी नऊ फूट लागतात. इंग्रजी पुस्तकांतले आणि तिकडच्या व्हिडिओंमधले सल्ले त्यामुळे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. शेजाऱ्याने उद्या मजला चढवला तरी आपली छत्री बहुतेक वेळा वाचते. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली मात्र आपलीच असते, अगदी खेटून असते, आणि अडथळा जास्त वेळा त्यांचाच होतो. टाकी वायव्येला किंवा पश्चिमेला ठेवली तर आग्नेय मोकळी राहते. झाडाचेही तसेच. पानांतून ही लहर जात नाही, ओल्या पानांतून तर नाहीच. आज कमरेएवढे असलेले कडुनिंबाचे रोप दहा वर्षांत छत्रीच्या वर जाते. परभणीच्या उन्हाळ्यात सावली पश्चिमेला हवी असते, तेव्हा ते झाड पश्चिमेलाच लावावे.

आता जागा तपासायची कशी? मोबाइलमधला कंपास चालतो, पण स्लॅबमधल्या आणि कॉलममधल्या सळया त्याला फसवतात. कॉलमपासून दूर, फोन छातीच्या उंचीवर धरून दोन-तीन ठिकाणी पाहावे. मला त्याहून विश्वासाची वाटते ती सूर्याची खूण. विषुववृत्तावरचा उपग्रह आपण उत्तरेकडून पाहतो, म्हणून तो आकाशातल्या विषुववृत्ताच्या किंचित, सुमारे तीन अंश, दक्षिणेला दिसतो. सूर्य नेमका त्या रेषेवर वर्षातून दोनदा येतो : ११ मार्चच्या आसपास आणि १-२ ऑक्टोबरच्या आसपास. त्या दिवसांत सकाळी अकराच्या आगेमागे परभणीच्या आकाशात सूर्य फ्री डिशच्या उपग्रहाच्या बरोबर मागे उभा असतो. टाटाच्या उपग्रहामागे तो बाराच्या सुमारास जातो, एअरटेलच्या मागे दहाच्या सुमारास. या दिवसांत ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र तुटते आणि आपोआप परत येते. सूर्य स्वतः रेडिओलहरी फेकत असतो, त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो, एवढेच त्याचे कारण. लोक घाबरून सेट-टॉप बॉक्स उघडतात, छत्री हलवतात. त्याची काही गरज नसते.

बांधकाम चालू असताना हे दिवस मिळाले तर दहा ते बारा गच्चीवर उभे राहावे. त्या दोन तासांत जिथे अखंड ऊन आहे, तिथे छत्रीला कधीच अडथळा येणार नाही. जिथे टाकीची सावली सरकत गेली, ती जागा सोडावी. त्या उन्हातच खडूने फुली मारून ठेवावी.

फुली मारल्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो आणि तो आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, कुठेही पाहा, घरे एकदम पुरी होत नाहीत. आज खालचा मजला, मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा. म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर उघड्या ठेवलेल्या असतात. टीव्हीचा पाइपही त्या सळयांसारखाच वर वाढवता यावा. तो गच्चीच्या मधोमध काढला तर वरच्या मजल्याच्या वेळी एखाद्या खोलीच्या फरशीत येतो आणि बुजवला जातो. जिन्याच्या भिंतीतून न्यावा. जिना वरच्या मजल्यातही त्याच जागी राहतो, पाइपला एक तुकडा जोडला की वाट वर जाते.

छत्री ठोकण्याचीही आधीच सोय करावी. बसवणारा येतो आणि स्लॅबला चार भोके पाडून बोल्ट मारतो. वॉटरप्रूफिंग तिथे फुटते आणि दोन पावसाळ्यांत खालच्या छताला ओल येते. स्लॅबचा वरचा कोबा होत असतानाच फूटभर लांबी-रुंदीचा, अर्धा फूट उंच काँक्रीटचा ओटा करून घ्यावा. भोके त्या ओट्यात पाडली की स्लॅबला धक्का लागत नाही. मे महिन्यातली वावटळ आणि वळवाचा पाऊस साठ सेंटिमीटरच्या पत्र्याला शिडासारखे ढकलतो. छत्री दोन-तीन अंश हलली तरी उपग्रह निसटतो, म्हणून पाया घट्ट हवा.

पाइपकडे वळू. टीव्हीच्या वायरीची जाडी सुमारे ७ मिलिमीटर असते. २० मिलिमीटरच्या पाइपात ती जाते, पण दुसरी घालायची वेळ आली की अडते. २५ मिलिमीटरचाच घ्यावा, शक्य तर गच्चीपासून हॉलपर्यंत ३२चा. या पाइपांच्या किमतीतला फरक घराच्या खर्चात कुठे दिसतही नाही. काटकोनातले कोपरे वापरू नयेत. लांब वळणाचे बेंड घ्यावेत, कारण ही वायर सात-आठ सेंटिमीटरपेक्षा लहान गोलाईत वळवली की आतून चेपते. दोन वळणांनंतर एक जंक्शन बॉक्स ठेवावा, म्हणजे ओढताना हात घालता येतो. विजेच्या तारांच्या पाइपात ही वायर कधीही घालू नये. २३० व्होल्टची तार घासून उघडी पडली तर टीव्हीच्या पत्र्यात वीज येईल. वेगळा पाइप, मध्ये वीतभर तरी अंतर, आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात.

गच्चीवर पाइपचे तोंड आकाशाकडे उघडे राहू देऊ नये. कोब्यापासून फूटभर वर नेऊन काठीच्या मुठीसारखे खाली वळवावे. वायरसुद्धा आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे अंगावरून येणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. परभणीचा पारा उन्हाळ्यात ४४ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात पांढरे वेष्टन दोन-तीन वर्षांत तडकते. गच्चीवरच्या तुकड्यासाठी जाड काळ्या वेष्टनाचीच वायर घ्यावी.

वायर घेताना दुकानात 'आरजी-६' मागावी. हिच्या मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर पन्नी, त्यावर बारीक तारांची वीण. वीण जितकी दाट तितका बाहेरचा गोंगाट कमी शिरतो. स्वस्त वायरीत ही वीण विरळ असते, सोलून पाहिली की लगेच कळते. मधली तार चुंबकाला चिकटली तर ती पोलादाची, वर तांब्याचा मुलामा दिलेली. एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. इतक्या उच्च वारंवारतेची लहर तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, १,००० मेगाहर्ट्झला फक्त दोन-तीन हजारांश मिलिमीटर खोलीतून. तेवढा मुलामा तिला पुरतो. पण याच तारेतून बॉक्स वर छत्रीला वीजही पुरवत असतो आणि त्या विजेला पोलादातून जायला कष्ट पडतात. वीस-पंचवीस मीटरपर्यंत पोलादी चालते. त्याहून लांब वाडा असेल तर शुद्ध तांब्याची घ्यावी.

लांबीचा हिशेबही सोपा आहे. छत्रीच्या टोकाशी जो डबा असतो, तो एलएनबी. उपग्रहाची ११-१२ गिगाहर्ट्झची लहर कुठल्याही घरगुती वायरीतून टिकली नसती, म्हणून हा डबा तिला ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो आणि कित्येक पटींनी वाढवतो. तरी आरजी-६च्या वीस मीटरांत ९५० मेगाहर्ट्झला सुमारे साठ टक्के शक्ती जिरते, २,१५०ला तीन चतुर्थांश. हे चालते, बॉक्स त्यासाठीच बनलेला असतो. पण मध्ये जोड द्यावा लागला, त्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली आणि आत पाणी गेले, तर कुठलाही हिशेब उरत नाही. गच्चीपासून टीव्हीपर्यंत एकच सलग तुकडा असावा.

सगळ्यात जास्त गैरसमज दोन टीव्हींबद्दल आहे. खाली आई-वडील, वर मुलगा-सून, दोघांकडे टीव्ही, छत्री एक. केबलच्या काळातली सवय म्हणून मधे स्प्लिटर लावून वायर दोन ठिकाणी नेली जाते. केबलमध्ये ते चालत होते, कारण सगळी चॅनेले एकदमच वायरीत असत. छत्रीचे तसे नाही. उपग्रह काही चॅनेले उभ्या लहरींत पाठवतो, काही आडव्या. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देऊन उभी मागतो, १८ देऊन आडवी. एकाच वायरीवर दोन बॉक्सनी वेगवेगळे मागितले की एकाचे चित्र जाते. यावर उपाय म्हणजे दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक टीव्हीला छत्रीपासून स्वतंत्र वायर. म्हणजेच जितक्या खोल्यांत कधीतरी टीव्ही येऊ शकेल, तितक्या वाटा जिन्याच्या एका जंक्शन बॉक्सपाशी एकत्र यायला हव्यात. सगळ्यांत आज वायर घालायची गरज नाही. रिकामा पाइप ठेवला तरी पुरे.

टीव्हीमागच्या बोर्डाची उंचीही बदलली आहे. टेबलावरचा टीव्ही गेला, भिंतीवरचा आला. बोर्ड जमिनीपासून चार फुटांच्या आसपास, टीव्हीच्या मागे झाकला जाईल असा घ्यावा, आणि तिथून खालच्या फळीपर्यंत एक लहान पाइप उतरवावा, म्हणजे बॉक्सच्या वायरी भिंतीवर दिसत नाहीत. रस्त्याच्या बाजूने, खांबाकडून घरात येणारा आणखी एक पाइप हवा. केबलवाला आला तरी आणि फायबरवाला आला तरी तो तिथूनच येणार. फायबरचा धागा काचेचा असतो, तीव्र वळण त्याला मोडते. लांब बेंड घेतले असतील तर त्याचीही सोय झालेली असते.

आता विजेबद्दल. मराठवाड्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज माणसे आणि जनावरे घेते, हे इथल्या प्रत्येकाने जवळून पाहिले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप त्याचा इशारा देते, ते प्रत्येक फोनमध्ये असावे. गच्चीवरची छत्री म्हणजे उंचावरचा धातू. तिच्या खांबाला तांब्याची जाड तार जोडून ती बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली, घराच्याच अर्थिंगला जोडावी. छत्रीसाठी वेगळा खड्डा करून तो मुख्य अर्थिंगपासून तोडून ठेवू नये. दोन्हींत फरक पडला की तो फरक टीव्हीतून वाहतो. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालते. उन्हाळ्यात तीच माती हातभर खोल भेगा देते आणि सळईला सोडते, आणि पहिल्या वादळाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात. म्हणून खड्डा खोल घ्यावा आणि एप्रिलपासून दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतावे. थेट पडलेल्या विजेपुढे कुठलेही अर्थिंग टीव्ही वाचवत नाही. आभाळ गडगडू लागण्याच्या आधीच बॉक्सची पिन आणि प्लग दोन्ही काढून ठेवावे. एकदा गडगडायला लागले की वायरीला हात लावू नये.

हे सगळे ठरले की वायरमनला बोलावून प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओढून घ्यावी, दोन्ही टोके बाहेर ठेवून गाठ मारावी, आणि तोंडात कागदाचे बोळे घट्ट बसवावेत. नाहीतर गिलाव्याचा माल आत जाऊन पाइप बुजतो आणि ते कळते तेव्हा रंग झालेला असतो. मग प्रत्येक भिंतीशी टेप उभी धरून फोटो घ्यावा. पाइप कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे, वळण कुठे आहे, बॉक्स कुठे आहे, हे त्यात वाचता आले पाहिजे. फोटो फोनमध्ये हरवतात, म्हणून छापून घराच्या कागदांच्या फायलीत, खरेदीखताशेजारी ठेवावेत. वरचा मजला चढेल तेव्हा येणारा वायरमन दुसराच असेल. त्याच्या हातात ते फोटो द्यायचे आणि जिन्याच्या भिंतीतली दोरी दाखवायची.